कॅम कोणी खाल्ला?

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आधी एक चूक दुरुस्त करते. १६ तारखेच्या पानावर मी लिहिलंय — "अतुलच्या बंगल्यावर इंजिन पहिल्यांदा स्टार्ट केलं आणि लगेच दोन हजारांच्या रेसवर वीस मिनिटं चालवलं." हे मी पाहिलेलं नाही. मी बंगल्याच्या मागं रेडिएटरसाठी बादली भरत होते. शेजारी बोअरची मोटार कोकलत होती, त्यात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. मग अतुलच्या आईनं, चंपाबाईंनी, मला मागच्या दारातच बसवून चहा दिला. कागदी कपात. आत ट्रेमधून जात होते ते कप चिनी मातीचे होते, हेही लिहून ठेवते. पुढं आले तेव्हा इंजिन बंद होतं आणि बाबांच्या खांद्यावर शाल होती.

"झाली का वीस मिनिटं?" मी बाबांना विचारलं.

"झाली."

एवढ्यावर मी लिहून टाकलं. ऐकलेलं पाहिलेलं म्हणून लिहिलं. पान फाडत नाही, पण वाक्य खोडलंय.

आज हे आठवायचं कारण — काल दौलताबादच्या घाटात अतुलची, आमच्या गिऱ्हाइकाची, ती गाडी बसली. एकशे चाळीस किलोमीटर चालली फक्त! अँबॅसिडर, छत कापून खाली बसवलेलं, मागचे टायर रोलरसारखे, दोन कार्बोरेटर, आणि आत आम्ही सहा महिने खपून बांधलेलं इंजिन. आता टोचन करून चितेगावला, आमच्या गॅरेजसमोर आणून टाकलीय. स्टार्ट केली तर टक् टक् टक् — कोणीतरी आतून पत्रा ठोकतंय असा आवाज. तिसरा सिलिंडर मारतच नाही.

बाबांनी आवाज ऐकला. बोनेट बंद केलं आणि हात धुवायला गेले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वरचं झाकण मी उघडलं. एक पुश रॉड, व्हॉल्व्ह ढकलणारी दांडी, वाकलेला. डायल लावून एकेक व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजलं. आठपैकी सात साडेनऊ मिलिमीटर. पाचवा — तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट — पाच पूर्णांक दोन. तीनदा मोजलं. तीनदा तेच.

म्हणजे कॅम खाल्लाय. कॅमच्या दांड्यावर आठ लोब असतात, प्रत्येक लोब आपापला व्हॉल्व्ह उचलतो. पाचव्याचं नाकच झिजून गेलंय. तेल गाळलं तर फडक्यावर चांदीच्या भुकटीसारखं लोखंड.

व्हॉल्व्ह बसतात ते वरचं हेड उघडायची वेळ आली आणि बाबा म्हणाले, "जा, शहरातून गॅसकेट आण."

"फोन केला तर माणूस आणून देईल."

"जा म्हणलं ना."

हेड मी बसवलेलं. प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक स्प्रिंग माझ्या हातची. उघडताना मात्र मी नको! दोन तासांनी परत आले तर हेड खाली, आणि सगळ्या स्प्रिंगा, वॉशर, लॉक एका ट्रेमध्ये रॉकेलात एकत्र टाकलेले. एकत्र! शाळेत जायच्या आधी ज्या माणसानं मला फीलर गेजच्या पात्यांवर आकडे शिकवले — ही चार थाऊ, म्हणजे चार हजारांश इंच, ही सहा, ही पंधरा — त्यानंच शिकवलं होतं की ज्या घरातलं निघालं ते त्याच घराच्या नावानं ठेवायचं. मी अंड्याच्या ट्रेवर नंबर टाकून ठेवले होते. तो ट्रे रिकामाच.

"असं का केलंत?"

"हात घसरला."

बाबांचा हात घसरलेला मी चोवीस वर्षांत पाहिलेला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अतुल आला. माझ्या वयाचा असेल-नसेल, बाबांना "ए कडुबा" म्हणतो. बाप प्लॉटिंग करतो, हा गाड्या मिरवतो. शहरात अशा बदललेल्या गाड्यावाल्यांचा ग्रुप आहे, चारशे जणांचा, त्याचा हा म्होरक्या.

"कोणी केलं हे? ह्या पोरीनं? मी तेव्हाच म्हणत होतो, पोरीच्या हातात इंजिन देतंय का कोणी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "पोरीनं फक्त नट आवळले. तिचा काय संबंध नाय. कॅम नरम होता."

फक्त नट आवळले!! सहा महिने मी काय केलं? आयटीआयला वर्गात एकटी मुलगी होते, तिथंसुद्धा मला कोणी असं पुसून टाकलं नव्हतं. आणि कॅम नरम होता म्हणजे? कॅम औरंगपुऱ्यातल्या नवाबचाचांनी घासून दिलेला. तीस वर्षं बाबा दुसऱ्या कोणाकडं कॅम नेत नाहीत. आमच्या घरी ईदचा डबा त्यांच्याकडूनच येतो.

अतुलला तेच हवं होतं. "म्हणजे नवाबनं फसवलं. कॅमेऱ्यासमोर बोलशील का असं?"

"बोलीन," बाबा म्हणाले.

माझ्या हातात बाविसचा पाना होता. खाली ठेवला. नीट, आवाज न करता ठेवला. ह्याचाच राग येतो मला माझा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्म्याची नमाज उरकून नवाबचाचा आले. पांढरा कुर्ता, टोपी खिशात. बाबा गाडीखालून बाहेरच आले नाहीत. चाचांनी इंजिनातून काढून ठेवलेला कॅम उचलला, खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर चढवला.

"बेटा, कानस ला."

बारीक कानस दिली. चाचांनी ती चांगल्या लोबवर घासली. कानस सरकली. काचेवरून सरकावी तशी. नरम लोखंड असतं तर चावली असती. मग पाचव्या लोबच्या बाजूला, जिथं झीज नाही तिथं घासली. तिथंही सरकली.

मी म्हणाले, "चाचा, कॅम कडक आहे."

"हौ."

"मग बाबांना सांगा ना!"

चाचांनी गाडीखालून निघालेल्या बाबांच्या चपलांकडं पाहिलं. मग कॅम कागदात गुंडाळून जागेवर ठेवला.

"तेरे बाप कू सब मालूम है, बेटा. तू चहा सांग."

चहा आला. दोघांनी गाडीच्या दोन बाजूंना बसून प्याला.

३० नोव्हेंबर, रविवार

अतुलनं ग्रुपवर टाकलं — "औरंगपुऱ्यात कॅम देऊ नका. कडुबा मिस्त्रीनं स्वतः सांगितलंय." खाली अंगठे. मोजले. एकशे बारा.

मला राहवलं नाही, औरंगपुऱ्यात गेले. चाचांच्या दुकानात त्यांची मुलगी तबस्सुम बसते, फोन आणि पावत्या बघते. लहानपणी आम्ही दोघी त्या ग्राइंडरमागं लपाछपी खेळलोय. आज तिनं स्टूलसुद्धा पुढं केलं नाही.

"आज दोन गिऱ्हाईकं कॅम परत घेऊन गेली. न घासता. खूश?"

"तबस्सुम, मी काही—"

"तू काही नाहीस केलंस. तेच तर! तू कधी काही करतच नाहीस. उभी राहतेस अन् नंतर वहीत लिहितेस. अब्बा चाळीस साल से ये मशीन पे खडे हैं. चाळीस! तुझ्या बाबांना सांग, बदनाम करायचं होतं तर तोंडावर यायचं होतं."

चाचा आत होते. मशीन चालू होती. मशीनवर काहीच लावलेलं नव्हतं, नुसता दगड फिरत होता.

२ डिसेंबर, मंगळवार

सापडलं.

अतुलनं १६ तारखेच्या मुहूर्ताचा व्हिडिओ त्याच्या पानावर टाकलेला आहे, लांबलचक, सबंध. मी घड्याळ समोर ठेवून पाहिला. चंपाबाईंचे भटजी अकरा वीसचा मुहूर्त सांगतात. अकरा बावीसला बाबा स्टार्टर मारतात. इंजिन लागतं. गोड आवाज. बाबांचा हात कार्बोरेटरकडं जातो, रेस वाढवायला. तेवढ्यात चंपाबाई म्हणतात, "थांबा थांबा, धूर होईल, आधी पूजा." आणि बाबा हात मागं घेतात.

मग हळद-कुंकू. नारळ. आरती, तिन्ही कडवी. फोटो. मग अतुलचा बाप म्हणतो, "कडुबा मिस्त्रींचा सत्कार करा." शाल. नारळ. बाबा हात जोडून उभे. मागं इंजिन स्लोला, रेस न देता, टुकटुक टुकटुक. अकरा अठ्ठावन्नला बंद. छत्तीस मिनिटं.

नवा कॅम पहिल्या वीस मिनिटांत जगतो किंवा मरतो. स्लोला ठेवला की तेल वर उडत नाही, लोब कोरडा घासतो. हे मला कोणी शिकवलं? "पहिल्या स्टार्टला देव आला तरी रेस सोडायची नाय." कोणाचं वाक्य आहे?

देव नाही आला. शाल आली.

मला कळतं, हेच वाईट आहे. ज्या दारात आजोबा चपला काढून उभे राहायचे तसल्या दारात बाबांना कोणीतरी "मिस्त्री" म्हणून शाल घातली. हात कसा उचलणार रेसला? पण मग खरं सांगा! शालीपायी स्वतः कॅम खाल्ला आणि नाव नवाबचाचांचं घेतलं! ह्यापेक्षा लहान माणूस असतो का?

३ डिसेंबर, बुधवार

बाबांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी सगळा पाहिला. मध्ये एकदाही मान वळवली नाही.

"छत्तीस मिनिटं, बाबा."

"व्हय."

"मग कॅम नरम होता हे खोटं आहे."

"तू तुझं काम कर."

"माझं काम? माझं काम फक्त नट आवळायचं ना!"

"लई बोलायला लागलीस."

"तबस्सुम माझं तोंड बघत नाही. चाचांची मशीन रिकामी फिरतेय. तीस वर्षांच्या दोस्ताला तुम्ही एका शालीसाठी—"

हातातलं फडकं बाबांनी माझ्याकडं फेकलं. मला लागलं नाही. फडकंच ते. पण फेकलं.

आई दारात येऊन म्हणाली, "अगं बापाशी असं बोलतेत का?" मग बाबांकडं वळून, "अन् तुमी तरी! काय चाललंय ह्या घरात? जेवायला बसा दोघं."

बसलो. भाकरीला कोणी हात लावला नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

अतुलचा फोन. पुढच्या गुरुवारी, ११ ला, सकाळी दहाला कॅमेरा घेऊन गॅरेजला येतोय. बाबा कॅम हातात धरून बोलणार. बाबा हो म्हणाले.

५ डिसेंबर, शुक्रवार

ठरवलं. ११ तारखेला बाबा बोलायच्या आधी मी कॅमेऱ्यासमोर व्हिडिओ दाखवीन. छत्तीस मिनिटं. बापाचं नाव घेईन. हे लिहिताना अक्षर बिघडलंय, पण ठरलं. घर सोडावं लागलं तर सोडीन. लेकीला काय वाटलं असेल, ह्याचा विचार त्यांना करू दे आयुष्यभर.

६ डिसेंबर, शनिवार

गॅरेज बंद. महापरिनिर्वाण दिन, सगळे भडकल गेटच्या पुतळ्यापाशी गेलो. बाबा आणि मी एकाच रांगेत.

७ डिसेंबर, रविवार

नीट, ओळीनं लिहिते.

कॅमेऱ्यासमोर बोलायचं तर पुरावा हातात हवा, म्हणून कॅम कागदातून पुन्हा काढला. भिंग घेतलं. स्लोवर छत्तीस मिनिटं चाललेला कॅम कसा दिसायला हवा? आठही लोब कोरडे चाललेत, तर आठांवरही ओरखडे हवेत. कमी-जास्त असतील, पण हवेत. सात लोब पाहिले. आरशासारखे. माझे डोळे दिसत होते त्यात. दैव म्हणा, किंवा बांधताना आम्ही लोबला चोपडलेलं वंगण चांगलं होतं म्हणा — सात वाचलेत.

म्हणजे पाचवा स्लोमुळं गेलेला नाही. पाच दिवस मी बापाला मनातल्या मनात जे जे बोलले ते सगळं चुकीचं.

मग पाचवाच का? कॅम एक, तेल एक, मिनिटं तीच. पाचव्याचं वेगळं काय?

ट्रेमधल्या स्प्रिंगा एकेक पुसल्या. एकत्र टाकल्या असल्या तरी आठांतली एक वेगळी आहे. तिचे वेटोळे जिथं एकमेकांना भिडतात तिथं चमकलेत, घासून सपाट झालेत. स्प्रिंग पूर्ण दाबली जायची. दाबायला जागाच उरायची नाही. जागा संपली की व्हॉल्व्ह पुढं जात नाही, पण कॅम ढकलतच राहतो. मग पुश रॉड वाकतो. मग लोबचं नाक जातं. अगदी हेच झालंय.

स्प्रिंग बाकीच्यांइतकीच लांब आहे. मग जागा कमी कशी पडली?

८ डिसेंबर, सोमवार

स्प्रिंगखाली एकेक वॉशर असतो, एक मिलिमीटरचा. दहाचं पाकीट आणलं होतं. आठ लागतात, दोन उरायला हवेत. पाकीट रिकामं आहे.

ट्रेमध्ये आठ वॉशर आहेत. सातांवर स्प्रिंगच्या गोलाचा ठसा आहे. आठव्यावर काहीही नाही, कोरा करकरीत. तो इंजिनात कधी गेलाच नाही. नंतर कोणीतरी ट्रेमध्ये टाकून आठ पुरे केलेत.

सात आणि एक आठ. दहातले दोन कुठंच नाहीत.

मी वॉशर तेलात बुडवून बसवते. तेलानं दोन एकमेकांना असे चिकटतात की बोटाला एकच लागतो. म्हणूनच प्रत्येक स्प्रिंगची उंची मोजून लिहायची असते. १५ नोव्हेंबरची कामाची वही काढली. एकपासून चारपर्यंत आकडे आहेत. सहा, सात, आठचे आहेत. पाचापुढं नुसती दोन टिंबं — वरीलप्रमाणे. तेव्हा अतुल सारखा फोन करत होता, "झालं का, उद्या मुहूर्त आहे." तिसऱ्या फोननंतर मी ती टिंबं दिली असणार. असणार नाही. दिली. अक्षर माझं आहे. मोजलं नव्हतं. पाचव्या स्प्रिंगखाली एकाऐवजी दोन वॉशर गेले, ते माझ्या हातानं.

कॅम नवाबचाचांनी खाल्ला नाही. बाबांनी खाल्ला नाही.

आणि बाबांना माहीत आहे. ट्रेमध्ये तो कोरा वॉशर टाकणारा हात दुसऱ्या कोणाचा असणार?

आज त्यांना काही विचारलं नाही. आधी चाचांकडं जाते. ज्याचं नाव जातंय त्याला आधी.

९ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं. चाचा हसले! टेबलाचा खण ओढला, कागदाच्या पुडीतून दोन वॉशर काढले. अजून चिकटलेले.

"जिस मंगलवार तू गॅसकेट लेने गयी, उसीच रातकू आया था तेरा बाप. बोला, नवाब, पोरीचं पहिलं इंजिन आहे. तिचं नाव गेलं तर ह्या गावात तिला पुन्हा कोणी पाना धरू देणार नाही. मैं बोला, मेरेपर डाल. मेरेकू कौन पूछता अब?"

तबस्सुम दारात उभी होती. तिलाही आजच कळलं. मग ती बापावर ओरडली, आणि तिच्या मागून मी.

दोन म्हातारे! बसून ठरवलं. मला विचारलं नाही, तिला विचारलं नाही. माझं नाव वाचवायला कोणी सांगितलं होतं?

वॉशर माझ्या खिशात आहेत. गुरुवार, ११ डिसेंबर, सकाळी दहा. बोलणार मी.